सेल्फ मारण्याआधी

दिवाळीची झाडझूड सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, पुसद, वणीकडच्या जुन्या वाड्यांत माळे उघडतात, कोठ्या रिकाम्या होतात आणि मागच्या टिनाच्या शेडखाली ताडपत्री ओढलेली एखादी गाडी पुन्हा नजरेस पडते. बहुतेकदा ती प्रीमियर पद्मिनी असते; घरात मात्र तिला फियाटच म्हणतात. कुठे अॅम्बॅसॅडर, कुठे शेतावरच्या कामाला लावलेली जुनी जीप. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून आजोबांनी घेतलेली. आजोबा गेले, मुलं नागपूर-पुण्याला स्थिरावली, पासिंग संपलं आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच.

मग सुटीवर आलेल्या नातवाला हुक्की येते. नवी बॅटरी लावून बघायची! संध्याकाळपर्यंत बॅटरी येते, कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतलं जातं आणि सेल्फ मारला जातो. इंजिन दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा धरतं. अंगणात टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्यावर खालचा आवाज ऐकू येतो: टकटक, टकटक, मध्येच एखादा जड ठोका.

हे जुन्या मिस्त्रीच्या कानावर घातलं, तर त्याचा पहिला प्रश्न आवाजाबद्दल नसतो. ‘गाडी किती वर्षं उभी होती, अन् सेल्फ कोणं मारला?’ एवढंच तो विचारतो. या एका प्रश्नात त्याच्या साऱ्या धंद्याचं सार आहे. चालत्या गाडीतला आवाज झिजेतून येतो. उभ्या गाडीतला आवाज बहुतेकदा कोरडेपणातून, गंजातून आणि चिकटून बसलेल्या भागांतून येतो. झिजेवर पैसा लागतो. कोरडेपणावर बरेचदा थोडं तेल आणि भरपूर सबुरी पुरते. पण ती सबुरी सेल्फ मारण्याआधी दाखवली, तरच.

उभ्या गाडीत काय होतं

चालत्या इंजिनात क्रँक, कॅम, पिस्टन हे सगळे भाग तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. गाडी उभी राहिली की ते तेल ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात उतरतं. आधी वरचे रॉकर आणि टॅपेट कोरडे पडतात, मग सिलिंडरच्या भिंती, आणि वर्षं लोटली की बेअरिंगमधली उरलीसुरली ओलही जाते. चेंबरमधलं जुनं तेलही निरुपद्रवी नसतं. जळालेल्या पेट्रोलची आम्लं आणि वाफेचं पाणी त्यात मुरलेलं असतं. त्याच्या संगतीत बेअरिंगचा मऊ धातू हळूहळू खरवडला जातो.

यवतमाळची हवा या नुकसानीत भर घालते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या शेडखाली रबर सुकतं, ऑइल सील कडक होतात, ग्रीस वाळून खडू होतं. मागोमाग जूनपासूनचे चार महिने पावसाचे. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी कोणत्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरच्या वाटेने शिरलेली दमट हवा नेमकी त्याच सिलिंडरमध्ये जाऊन बसते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकल्या आहेत तिथे बोअरवर गंजाचं कडं धरतं. बाकीचे तीन सिलिंडर लखलखीत आणि एकच जाम, असं चित्र हेड उतरवल्यावर दिसतं ते यामुळे.

पेट्रोलची आणखी वेगळीच कथा. टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. टाकीचं झाकण काढल्यावर येणारा आंबूस, रंगासारखा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. हाच चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. आणि असं पेट्रोल घालून इंजिन चालवलं तर इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावरही चढतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, तर पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा आधी बदलावा लागतो. नाहीतर आवाज शोधता शोधता पेट्रोल गळून आग लागायची.

उंदरांना विसरून चालणार नाही. कापसाच्या मुलखात उभ्या गाडीसारखं आयतं घर त्यांना दुसरं नाही. एअर क्लीनरच्या डब्यात सरकी-कापसाचं घरटं, पंख्याच्या आडोशाला चिंध्या, कुरतडलेल्या वायरी. इंजिन सुरू झाल्यावर येणारी फरफर कधी कधी पंख्याच्या पात्यांना घासणाऱ्या या घरट्याचीच असते.

आधी हात, मग कान

उदाहरणाला पद्मिनीच घेऊ. ही गाडी महाराष्ट्राची. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४च्या सुमारास पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कॅम ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर. सगळं उघडं, हाताला येणारं. संगणक नाही, सेन्सर नाहीत. म्हणूनच या इंजिनाचं दुखणं कानाने कळतं.

जाणता मिस्त्री अशा गाडीची बॅटरी आधी सोडून ठेवतो. चारही प्लग काढतो, प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडतो आणि गाडी तशीच ठेवून घरी जातो. मालकाला हे पटत नाही. काम सुरू झालं आणि लगेच थांबलं, असं त्याला वाटतं. पण रिंगांच्या खाचेत मुरायला तेलाला दिवस लागतात, घाई केली तर ते मुरत नाही.

मग हँडल. पद्मिनीच्या पुढच्या बाजूने घालायचं ते लोखंडी हँडल डिकीत सापडलं तर नशीबच. नाहीतर क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावतात. पूर्ण फेरा मारायचा नाही. थोडं पुढे, थोडं मागे. इथे मिस्त्रीचा तळहात सगळं सांगतो. सारखा, मऊ विरोध असेल तर रिंगा सुटताहेत. एकाच जागी टणक अडकत असेल तर तिथे गंज आहे किंवा व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. अशा वेळी जोर लावणारा माणूस इंजिन फोडतो. गावाकडची सगळ्यात घातक रीत तर वेगळीच आहे: ट्रॅक्टरला टोचन लावायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि ओढायची. जाम इंजिन अशाने सुटतं खरं, पण रिंगा तुटून, क्वचित रॉड वाकून सुटतं. त्यानंतर जो आवाज येतो त्यावर तेलाचा इलाज नसतो.

चेंबरचा नट सैल केला की बघण्यासारखं असतं. तेलापेक्षा पाणी जड, म्हणून तळाशी साचलेलं गढूळ पाणी पहिल्यांदा टपकतं. मग काळं, दाट तेल. मिस्त्री ते दोन बोटांत चोळतो आणि बोटं उन्हात तिरकी धरतो. चंदेरी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर किंवा पिस्टनचा अॅल्युमिनियम निघतोय. तांबूस कण दिसले तर प्रकरण पुढे गेलं. वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे. सेल्फला हात लावण्याआधीच इंजिनाच्या निम्म्या दुखण्याचा अंदाज इथे येतो.

रॉकर कव्हर काढून वरून तेल सोडायचं आणि मग एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने आठही व्हॉल्व्हकडे डोळे लावून बसायचं. प्रत्येक रॉकर खाली दाबला जातो आणि स्प्रिंगच्या जोरावर वर येतो. जो वर येत नाही तो चिकटलेला. त्याची पुशरॉड बोटांत सैल फिरते. हा व्हॉल्व्ह तसाच ठेवून इंजिन सुरू केलं की पुशरॉड वाकते किंवा जागेवरून निसटते, गाडी तीन सिलिंडरवर मिस मारत चालते आणि वरून जोराची टकटक येते. घरचे लोक ‘इंजिन गेलं’ म्हणून मोकळे होतात. खरं तर दांड्यावर झिरपणारं तेल सोडून, लाकडी हातोडीने हळुवार ठोकत तो व्हॉल्व्ह सोडवता आला असता.

शेवटी नवं तेल, नवा फिल्टर, आणि प्लग काढलेलेच ठेवून सेल्फचे आखूड झटके. दोन झटक्यांच्या मध्ये सेल्फला दम घेऊ द्यायचा. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. दिवा विझतच नसेल तर त्याचा स्विच काढून त्या भोकातून तेल येतंय का ते पाहायचं. इतकं झाल्यावर मग पेट्रोल, प्लग आणि खरा आवाज.

आवाजाची जागा

या भागातल्या जुन्या मिस्त्रींचे कान गाड्यांवर तयार झाले, असं समजणं चूक ठरेल. वऱ्हाडात शेतावरच्या विहिरींवर आधी ऑइल इंजिनं आली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ची. बांधावर उभ्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा ताल चुकला की लांबून कळायचा. त्या तालावर पोसलेल्या कानाला चार सिलिंडरची पद्मिनी उलगडायला अवघड गेली नाही.

हत्यारं साधी. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. काहीजण लाकडी दांडी वापरतात, काही रबरी नळीचं एक तोंड कानात धरतात. डॉक्टरचा जुना स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच. ऐकण्याचा क्रम मात्र ठरलेला असतो: बाहेरून आत, वरून खाली, स्वस्तातून महागाकडे.

म्हणून पहिल्यांदा पंख्याचा पट्टा काढतात. पट्ट्याशिवाय इंजिन थंड राहत नाही, त्यामुळे मिनिटभरच चालवायचं. आवाज गेला तर इंजिन निर्दोष आहे. दोष वॉटर पंपाच्या किंवा डायनामोच्या बेअरिंगचा. वर्षानुवर्षं वाळलेल्या ग्रीसमुळे ती पाट्यावर वरवंटा फिरल्यासारखी गुरगुरतात. मग क्लच दाबून पाहायचा. क्लच दाबल्या-सोडल्याने आवाज बदलत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा किंवा गिअरबॉक्सचा. सायलेन्सरमधला गंजून सुटलेला पत्रा खडखडतो आणि घाबरवतो, पण सायलेन्सरला बाहेरून ठोकलं की तो स्वतःच कबुली देतो. पेट्रोल पंपाचा दांडा कॅमवर चालतो, त्याची टिकटिक टॅपेटसारखी वाटते. पेचकस लावला की कळते. मॅनिफोल्डचं गॅसकेट फुटलं तर थंड इंजिनात ‘फट्‌फट्‌’ असा आवाज येतो आणि इंजिन तापून लोखंड फुगलं की कमी होतो. फक्त कानावर विसंबून हेड उतरवणारे या एका आवाजाला हमखास फसतात. इंजिन थंड असताना सांध्याजवळ हात नेला की हवेचा फटका लागतो आणि काम फत्ते.

बाहेरचं सगळं निर्दोष निघालं की वरचा मजला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे एखाद्या टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच येते. हलकी, पातळ, नियमित. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फिलर गेजची पाती सरकवली आणि नेमका तेव्हाच आवाज मेला, तर दोषी सापडला. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, विशेषतः अॅक्सिलरेटर सोडताना खळखळ येत असेल तर टायमिंग चेन सैल आहे.

सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांची खडखड अनेकदा आपोआप जाते. तेल वर पोचायला तेवढा वेळ लागतोच. ती गेली नाही, तर पुढचा मोठा प्रश्न: इंजिन तापल्यावर आवाज घटतो की वाढतो?

खालचा ठोका

तापल्यावर घटणारा ठोका बहुतेकदा पिस्टनचा. थंड पिस्टन बोअरमध्ये किंचित सैल असतो, बाजूला आपटतो. तापून फुगला की गप्प होतो. अशी गाडी जपून बरीच वर्षं चालते. तापल्यावर वाढणारा ठोका मात्र बेअरिंगचा. तेल गरम होऊन पातळ होतं, बेअरिंगच्या झिजलेल्या फटीला आधार देऊ शकत नाही, आणि रॉड क्रँकवर आपटू लागतो.

कोणता रॉड, हे शोधायची जुनी युक्ती आजही तितकीच खरी आहे. इंजिन आयडलवर ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढली की त्या सिलिंडरमधला स्फोट थांबतो, रॉडवरचा भार हटतो. तिसऱ्याची वायर काढल्यावर ठोका मऊ पडला तर तिसऱ्याचा बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग. पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन सैल असेल तर आयडलवर दुहेरी ठोका ऐकू येतो. कोणतीही वायर काढली तरी फारसा फरक नाही आणि भार दिल्यावर तळातून जड धपधप येते, तर मेन बेअरिंग. तेव्हा इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. ‘थोडं चालवून बघू’ म्हणणाऱ्याचा क्रँक त्या थोड्यातच जातो.

शंका उरली तर कॉम्प्रेशन गेज. चारही सिलिंडरचे आकडे घ्यायचे. आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर रिंगा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह.

इथे एका लाडक्या उपायाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी चेंबरमध्ये डिझेल भरून इंजिन ‘धुवायची’ पद्धत आहे. रोज चालणाऱ्या इंजिनात ती खपून जाते. वीस वर्षं उभ्या इंजिनात ती धोक्याची आहे. तळाला घट्ट बसलेला गाळ डिझेलने सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. प्रेशर पडतं, आणि तोवर शाबूत असलेली बेअरिंग ठोकू लागतात. चेंबर उतरवून हाताने गाळ काढणं किचकट आहे, पण बरोबर तेच आहे. त्यानंतरही पहिलं नवं तेल थोड्याच दिवसांत काढून टाकायचं.

अॅम्बॅसॅडर आणि जीप

अॅम्बॅसॅडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन मूळ ब्रिटिश. त्याचं हेड बिडाचं आणि व्हॉल्व्हच्या बैठका त्याच बिडात कापलेल्या. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधून शिसं गेलं. या बैठकांना शिशाचा थर वाचवत होता. तो गेल्यावर खूप वेगात किंवा भाराखाली चालवलेल्या गाडीत बैठक झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट बुजते. परिणामी टिकटिक बंद होते! मालक खूश होतो. खरं तर व्हॉल्व्ह आता नीट मिटत नसतो आणि जळायच्या वाटेवर असतो. म्हणून जुने मिस्त्री अॅम्बॅसॅडरमध्ये थोडी टिकटिक राहू देतात. गप्प टॅपेट दिसला की त्यांना शंका येते.

जीपचं हरिकेन इंजिन वेगळ्याच घडणीचं. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. वरचं कव्हर उघडून ज्याला अर्धेच टॅपेट दिसतात तो गोंधळतो. उरलेले बाजूच्या झाकणाखाली असतात. उभ्या जीपमध्ये चिकटतात ते बहुधा हे खालचेच, कारण सायलेन्सरमधली ओल त्यांच्यापर्यंत आधी पोचते.

इंजिन बदलायचं का?

आवाजाचा कंटाळा आला की मालकाला सल्ला मिळतो: हे काढा, दुसरं इंजिन बसवा. पद्मिनीचे भाग मिळणं अवघड होत चाललंय, हे खरं. मुंबईतल्या टॅक्सींच्या जिवावर तिच्या भागांचा बाजार टिकून होता आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून त्या टॅक्सी रस्त्यावरून हटल्या. तरीही कुर्ल्याच्या भंगार बाजारात, दिल्लीच्या कश्मीरी गेटला शोध घेतला तर गॅसकेटचा संच, रिंगा, बेअरिंग हाती लागतात. बोअर करणं, क्रँक घासणं यांसाठी नागपूर आहेच.

इंजिन न बदलण्याला एक व्यवहारी कारणही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५ हजारांत. रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठीच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी मात्र या नोंदणीला पात्र ठरत नाही. पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे. ज्या काळात या गाड्यांना मान मिळू लागला, त्याच काळात कंटाळून त्यांचं इंजिन भंगारात घालणं हा तोट्याचा सौदा आहे.

आता प्रश्न उरतो कानांचा. १ एप्रिल २०२०पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत स्कॅनर लावला की दोषाचा कोड पडद्यावर येतो. आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा कोर्स करून बाहेर पडणाऱ्या मुलाला तेच यायला हवं, त्याचं पोट त्यावरच आहे. पण पद्मिनीला स्कॅनर लावायला जागा नाही. तिच्या तिसऱ्या सिलिंडरचा ठोका ओळखणारे मिस्त्री साठी-सत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं. काम काढाल तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलवा आणि त्याच्या शेजारी एका आयटीआयच्या पोराला त्याची मजुरी देऊन बसवा. वायर काढण्याआधीचा आणि काढल्यानंतरचा आवाज मोबाइलवर टिपा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, टॅपेटची फट, तेलात काय सापडलं, कोणता भाग कुठून आणला, हे एका वहीत तारखेसह उतरवा आणि ती वही आरसीबुकासोबत ठेवा.